खिचडी शिजवणाऱ्या आईचे बाळ कुठे असते?



मागच्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची वजने घेत फिरत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. एका दारात चौथीतली मुलगी आठ महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आम्ही विचारले, "आज शाळा नाही का गं?" ती म्हणाली, "आहे की." "मग तू घरी कशी?" "मम्मी शाळेत गेलीय ना."

आम्हाला आधी नीट कळले नाही. मग उलगडा झाला. तिची आई नगरपालिकेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. मुलगी त्याच शाळेत शिकते. म्हणजे हजेरीपटावर मुलगी गैरहजर आणि तिची आई त्याच इमारतीत, मागच्या शेडमध्ये, दोनशे मुलांसाठी तांदूळ धूत बसलेली. बाळाचे वजन भरले सहा किलो चारशे ग्रॅम. आठ महिन्यांच्या मुलग्याला हे फार कमी. कार्डावर टिंब पिवळ्या पट्ट्यात पडले.

दुपारी आई आली तेव्हा आम्ही विचारले, बाळाला शाळेत बरोबर का नेत नाहीस? ती म्हणाली, "ताई, दोन महिने नेलं. चूल, उकळतं पातेलं, आणि हे रांगायला लागलेलं. एक दिवस पातेल्याजवळ गेलं. मोठ्या बाईंनी सांगितलं, उद्यापासून मूल आणायचं नाही. त्यांचं तरी काय चुकलं?"

खरेच, त्यांचेही चुकले नाही. चुलीजवळ रांगते मूल नकोच. पण मग ते मूल कुठे असावे, हा प्रश्न त्या शाळेत कोणालाच पडला नाही. बाळ जन्माला आल्यापासून तो आईच्या गळ्यात बांधलेला, आणि आईने तो नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर दिलेला. यावेळचे आरोग्याचे पान त्या प्रश्नावर आहे. पाळणाघर ही नोकरीतली चैन नाही, आरोग्याची गोष्ट आहे, आणि ते देणे कामावर ठेवणाऱ्याचे काम आहे, हे आम्हाला सांगायचे आहे.

एका शाळेत किती प्रकारच्या बाया काम करतात ते आधी मोजून पाहा. वर्गावरच्या बाई. बालवाडीच्या ताई. झाडलोट आणि संडास साफ करणाऱ्या मावशी, बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या. खिचडीच्या स्वयंपाकी आणि मदतनीस. नियमाप्रमाणे पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन आणि पुढे दर शंभर मुलांमागे आणखी एक, म्हणजे दोनशे मुलांच्या शाळेत तिघीजणी. काही ठिकाणी मुलींच्या संडासाबाहेर बसणारी एखादी म्हातारी मावशीही असते. घंटा एकच, फाटक एकच. पण बाळंतपण आले की या सगळ्या वेगवेगळ्या होतात.

कायम नोकरीतल्या शिक्षिकेला आपल्या राज्यात १८० दिवसांची भरपगारी रजा मिळते. ठेकेदाराकडच्या सफाई मावशीला कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, पण ठेकेदार बदलला की ती नव्याने लागलेली ठरते आणि रजा कागदावर राहते. खिचडीच्या ताईला तर पगारच नाही, 'मानधन' आहे. केंद्राने ठरवलेला आकडा महिना १००० रुपये, तोही वर्षाचे दहा महिने. आपले राज्य त्यात भर घालते, पण ती रक्कम घर चालवण्याची नव्हे. तिच्या जागेवर दुसरी बाई बसायला वेळ लागत नाही. म्हणून ती सव्वा महिना झाला की कामावर हजर होते. टाके सुकलेले असतात एवढेच.

आता बाळाच्या बाजूने पाहा. पहिले सहा महिने त्याला फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, असे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. पोस्टरही लावतो. पण सव्वा महिन्याच्या बाळाची आई सकाळी नऊ ते दुपारी तीन शाळेत असेल, तर हे पोस्टर कोणासाठी? तीन वर्षांनंतर अंगणवाडी आहे, तीही काही तासच. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होते, लस होते. पण त्याला सांभाळून कोणी घेत नाही. नेमके हेच वय सगळ्यात नाजूक. मूल दुधावरून अन्नावर येते, रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते, पहिले जुलाब आणि पहिला न्यूमोनिया याच वयात होतो, गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी सोळाव्या महिन्यानंतर घ्यायची असते. अडीच वर्षांची ही फट आहे, आणि तिच्यात आपली मुले पडतात.

आम्ही स्वतः नर्स म्हणून एका खासगी रुग्णालयात होतो तेव्हाची गोष्ट. आमच्यातल्या तिघींची बाळे एकाच वर्षी झाली. नवजात बालकांच्या कक्षात आम्ही दुसऱ्यांच्या आयांना शिकवायचो, दर दोन-तीन तासांनी पाजा, छातीत दूध साठू देऊ नका. आणि आमचे युनिफॉर्म दुपारपर्यंत भिजलेले असायचे. कपडे बदलायच्या खोलीला कडी नव्हती, म्हणून संडासात उभे राहून दूध काढायचे आणि भांड्यात ओतून द्यायचे. एकीच्या छातीत गाठ झाली, ताप भरला, पू झाला, चीर द्यावी लागली. त्या बाळाचे दूध चौथ्या महिन्यात तुटले. तेव्हाही कायद्यात पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या आईला दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या होत्या. १९६१ च्या कायद्यात त्या लिहिलेल्या होत्या. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या बाया, पण हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कुणाला विचारले नव्हते. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे पान जरा लांबणार आहे.

आई दूर राहिली की दूध का आटते, हे समजून घ्या. जेवढे दूध बाळ ओढते किंवा हाताने निघते, तेवढेच पुन्हा तयार होते. सहा-सात तास छाती भरलेली राहिली की शरीर समजते, आता एवढी गरज नाही. चार-पाच दिवसांत दूध कमी होते, आई म्हणते "मला दूधच येत नाही", आणि घरात बाटली येते. बाटलीची बुचे आपल्या नळाच्या पाण्यात नीट स्वच्छ होत नाहीत. दूध पुरावे म्हणून पाणी जास्त घालतात. मग जुलाब, मग वजनात घट, मग आम्ही कार्डावर पिवळे टिंब काढतो. हे सगळे एका कारणाने घडते. आई आणि बाळ यांच्यामध्ये सहा तासांचे अंतर आहे. तेच बाळ शाळेच्या आवारातल्या एखाद्या खोलीत असते, तर खिचडी शिजत लावून पंधरा मिनिटे पाजून येता आले असते.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्या कामाला जायच्या तेव्हा बाळाला अफूची बारीक गोळी चाटवून झोळीत निजवून जायच्या. तिला बाळागोळी म्हणत. १९२० च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांतही ही गोष्ट नोंदलेली आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. दहा तासांची पाळी होती आणि बाळ ठेवायला जागा नव्हती. आज अफू गेली, पण गोळीची जागा सर्दी-खोकल्याच्या औषधाने घेतली आहे. मेडिकलमधून बाटली आणायची, अर्धा चमचा द्यायचा, मूल तीन तास झोपते. आम्ही गेल्या वर्षभरात वस्तीत हे अनेक घरांत पाहिले, आणि कोणीही मुद्दाम लपवले नाही, कारण कोणाला त्यात धोका वाटतच नव्हता.

धोका मोठा आहे. ही औषधे लहान बाळाचा श्वास मंद करू शकतात. मूल गाढ झोपले आहे की बेशुद्ध आहे, हे नऊ वर्षांच्या बहिणीला कळणार नाही. झोपलेले मूल दूध ओढत नाही, म्हणून वजनही घटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, त्यातल्या अनेकांवर नागपूरला उपचार चालू होते, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. तेव्हा घरात अशी बाटली असेल तर बाळाच्या वाऱ्यालाही ठेवू नका. रागावणार नाही, आम्हाला आणून दाखवा.

तिसरी गोष्ट मोठ्या मुलीची. धाकट्याला सांभाळणारी पोर स्वतः मूल असते. तिला भूक लागते, खेळावेसे वाटते. गॅस कसा बंद करायचा हे तिला माहीत असते, पण शेंगदाणा बाळाच्या घशात अडकला तर काय करायचे हे माहीत नसते. आणि ती शाळेत गैरहजर असते. एका पाळणाघराच्या अभावी दोन मुलांचे नुकसान होते. त्यातले एक वजनाच्या काट्यावर दिसते, दुसरे दिसत नाही.

बाबासाहेब या विषयावर काय म्हणाले होते, हे आपल्या घरांत कमी माहीत आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर चर्चा चालू होती. गिरणीमालकांचे म्हणणे होते, हा बोजा आमच्यावर कशाला? बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे सबंध देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले, पण स्त्रीच्या कामाचा फायदा जो मालक घेतो त्यालाही त्यातून सुटता येणार नाही, हेही सांगितले. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा खाणीत काम करणाऱ्या बाळंतिणींच्या कायद्यात सुधारणा करणारी विधेयके त्यांनी मांडली. खाणींवरच्या पाळणाघरांचे नियम १९४६ सालचे आहेत. म्हणजे कोळशाच्या खाणीवर पाळणाघर असावे, हे ऐंशी वर्षांपूर्वी सरकारने मान्य केले होते. शाळेत मात्र अजून अर्ज करावा लागतो.

आता आजचा कायदा. थोडे लक्ष देऊन वाचा, पुढे उपयोगी पडेल.

पूर्वीच्या कायद्यांत पाळणाघरासाठी बहुतेक ठिकाणी स्त्री कामगारांची संख्या मोजली जाई. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बाया असतील तर पाळणाघर, असे होते. त्याचा परिणाम असा की बायांची संख्या तीसच्या वर जाऊच द्यायची नाही. कामगार संघटनांनी ही तक्रार वर्षानुवर्षे केली. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोजणी बदलली. ज्या आस्थापनेत पन्नास किंवा जास्त कर्मचारी आहेत, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, तिथे पाळणाघर हवे. १ जुलै २०१७ पासून हे लागू झाले. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन यायची मुभा आहे, त्यात तिची विश्रांतीची वेळही धरलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ६७ मध्ये हीच पन्नासची अट आणि हीच चार वेळची मुभा आहे.

यातले तीन शब्द महत्त्वाचे आहेत.

पहिला शब्द 'कर्मचारी'. संहितेच्या व्याख्येत थेट कामावर असलेला आणि ठेकेदारामार्फत असलेला, दोघेही वेतनावरचे कर्मचारी आहेत. म्हणजे सफाईच्या मावशी आणि फाटकावरचा वॉचमन मोजायचाच. कार्यालयात सांगतात, "ते आमचे नाहीत, ठेकेदाराचे." हे ऐकून घेऊ नका.

दुसरा शब्द 'वेतन'. खिचडीच्या ताई आणि अंगणवाडीच्या ताई इथे अडकतात, कारण त्यांना मिळते ते 'मानधन'. सकाळी नऊला हजर, दुपारी तीनला मोकळी, हजेरीपुस्तकात सही, उशीर झाला तर बोलणी. सगळे नोकरीचे, फक्त पैशाचे नाव वेगळे. आमच्या मते ही शब्दाची चलाखी आहे. पण चलाखी कागदावर टिकते, म्हणून त्यांची मोजणी आपण वेगळी मागायची आणि लेखी मागायची.

तिसरा शब्द 'सामाईक'. पाळणाघर स्वतंत्र असले पाहिजे असे नाही. दोन-चार आस्थापनांनी मिळून चालवले तरी चालते. संहितेत तर सरकारी, नगरपालिकेच्या किंवा संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करून घेण्याचीही सोय आहे. म्हणून "आमच्या शाळेत अकराच माणसे आहेत" हे उत्तर पुरे पडत नाही. शाळा अकरा माणसांची असेल, पण तिची मालकी ज्या नगरपालिकेकडे आहे तिच्या कर्मचाऱ्यांची संख्या शेकड्यांत असते. एका प्रभागात तीन शाळा, एक दवाखाना आणि एक कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर असते. आणि शाळांमध्ये खोल्या रिकाम्या आहेत. पट घसरले, तुकड्या बंद झाल्या, मोडकी बाके ठेवायला खोल्या वापरल्या जातात. जागा नाही, हे कारण तरी कोणी सांगू नये.

अजून एक उत्तर मिळते, "हा कायदा कारखान्यांचा, आमचा नाही." हे दिल्लीच्या महानगरपालिकेनेही सांगून पाहिले होते. रस्त्याच्या खोदकामावर रोजंदारीने असलेल्या स्त्रियांना बाळंतपणाची रजा द्यायला तिचा नकार होता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २००० मध्ये न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला आणि राज्यघटनेच्या कलम ४२ चा आधार घेतला, ज्यात कामाची माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करण्यास राज्याला सांगितले आहे. तो निकाल पाळणाघराचा नव्हता, रजेचा होता. पण मस्टरवरच्या बाईलाही आई म्हणून हक्क आहे, हे त्यात ठरले. आपल्या अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

समजा, उद्या खोली मिळाली. मग पाहायचे काय? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली यासाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सहा महिने ते सहा वर्षांची मुले धरली आहेत. अंतर कामाच्या ठिकाणापासून पाचशे मीटरच्या आत. रोज आठ ते दहा तास उघडे. प्रत्येक मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा, तळमजला. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई, मोठ्या वीस मुलांमागे एक, आणि हाताखाली मदतनीस.

आमचा अनुभव सांगतो की साहेब लोक पाहायला आले की आधी कॅमेरा कुठे लावायचा ते बोलतात. कॅमेरा असू द्या. पण आम्ही आधी नळ पाहतो. हात धुवायला साबण आणि वाहते पाणी आहे का, लंगोट बदलायची जागा आणि जेवण वाढायची जागा एकमेकांपासून लांब आहे का. जुलाब याच दोन गोष्टींवर ठरतात. मग खिडकी पाहतो, कारण बंद खोलीत एकाचा खोकला दहांना लागतो. मग बाळ झोपवतात कसे ते पाहतो. उताणे, घट्ट गादीवर, तोंडाजवळ उशी-गोधडी नको. आईला बसून पाजायला कोपरा आणि एक पडदा हवा. आणि ताईच्या हातात प्रत्येक मुलाचे लसीचे कार्ड हवे. कोणाचा डोस चुकला ते महिन्याच्या एका तारखेला बघितले तरी पुरते.

खाणे कसे द्यायचे हे पाळणाघराच्या ताईला आणि घरी आजीला, दोघींना सारखेच माहीत असावे. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर घट्ट अन्न. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मधे काहीतरी छोटे. वरणाचे पाणी नको, वरण हवे. पाण्यात पोषण उतरत नाही, ते डाळीत राहते. मऊ भात-वरण कुस्करून वर चमचाभर तेल किंवा तूप, उकडलेले अंडे, केळे, शिजवलेला बटाटा-गाजर, मासे खाणाऱ्या घरात काटे काढलेला मासा. बिस्किट चहात बुडवून देऊ नका. त्याने पोट भरते आणि वजन तसेच राहते.

पाळणाघर मिळेपर्यंत आईने काय करावे? दूध तोडू नका. सकाळी निघताना पाजा, आल्याआल्या पाजा, रात्री जितके ओढेल तितके पाजा. कामावर निदान एकदा, दर तीन तासांनी जमले तर उत्तम, हात साबणाने धुऊन दूध काढा. अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या मागे ठेवून छातीकडे दाबायचे आणि मग पुढे पिळायचे, बोंड ओढायचे नाही. घरी काढलेले दूध उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. ते दूध उकळायचे नाही. थंड वाटले तर भांडे कोमट पाण्यात ठेवा. वाटी-चमच्याने पाजा, बाटलीने नको. आणि सांभाळायला मोठे माणूस शोधा. शेजारची आजी, कामावरून सुटलेली जाऊ, कोणीही, पण शाळेत जाणारी मुलगी नको. जुलाब सुरू झाले तर ओआरएस पहिल्याच पातळ शी-पासून सुरू करा, आणि झिंकच्या गोळ्या आशाताईकडून घेऊन चौदा दिवस पूर्ण द्या. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, दूध घेईना किंवा छाती आत ओढत श्वास घेऊ लागले, तर कामाचा विचार न करता दवाखाना गाठा.

त्या आठ महिन्यांच्या बाळाचे पुढे काय झाले, ते सांगतो. आम्ही बारा-तेरा जणींनी मिळून दोन कामे केली. विहाराच्या बाजूची खोली सकाळी नऊ ते साडेतीन उघडली. दोन आज्या बसतात, घरोघरून थोडे थोडे गोळा करून त्यांना देतो. आता तिथे सहा बाळे असतात. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली आहे. आईला खिचडी चढवली की धावत येऊन पाजता येते, कारण विहार शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. बाळाचे वजन आता पुढे सरकते आहे. हिरव्या पट्ट्यात अजून आलेले नाही.

पण यावर आमच्यातच वाद झाला. एकजण म्हणाली, आपण खोली उघडली की पालिका म्हणेल, झाले की तुमचे, आता आमच्याकडे कशाला येता? तिचे म्हणणे बरोबर आहे. गरीब घरांनी वर्गणी काढून चालवलेली खोली म्हणजे कामावर ठेवणाऱ्याने दिलेले पाळणाघर नव्हे. तिथे प्रशिक्षित ताई नाही आणि एखादी आजी आजारी पडली की खोली बंद. म्हणून दुसरे काम केले. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचे तिकीट लावून. आमच्या प्रभागातल्या शाळा, दवाखाना आणि कार्यालय यांत कायम, कंत्राटी आणि मानधनावर असे एकूण किती जण काम करतात, त्यात स्त्रिया किती, आणि पाळणाघराची सोय कुठे आहे, एवढे तीनच प्रश्न. तीस दिवसांत उत्तर यायला हवे होते. आले नाही, अपील केले, मग आले. कायम कर्मचाऱ्यांची यादी होती, कंत्राटी लोकांच्या रकान्यात 'माहिती ठेकेदाराकडे' आणि मानधनाच्या रकान्यात रेघ. पाळणाघराच्या प्रश्नासमोर 'निरंक'.

कायम लोकांचाच आकडा पन्नासच्या वर भरला. तो कागद जोडून पाळणाघराचा अर्ज पालिकेकडे आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दिला आहे. सोबत रिकाम्या वर्गखोलीचा फोटो लावला आहे. शाळेतल्या चार शिक्षिकांनीही सही केली. एकीने सांगितले, तिचे दीड वर्षाचे मूल ती रोज दोन बस बदलून माहेरी सोडते. तोपर्यंत आम्हाला वाटायचे, बाईंना काय अडचण असणार! केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते, तेही दुसऱ्या अर्जात मागितले आहे. जे आधी येईल ते घेऊ.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारात मुलांची वजने आहेत. येताना बाळाचे कार्ड आणा. आणि तुम्ही शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात, मॉलमध्ये, कुठेही कामाला असाल, तर तिथे शिपायापासून साहेबापर्यंत एकूण किती माणसे आहेत, तेवढा आकडा चिठ्ठीवर लिहून आणा. पन्नासच्या आत असेल तरी आणा, शेजारच्या आस्थापनेचाही लिहून आणा.